रेंजफाइंडरचं जग (लेखांक ७) : दीडच्या पलीकडची हाव

मागच्या लेखांकात आपण रेंजफाइंडरची यंत्रणा उघडून पाहिली. दोन खिडक्या, त्यांच्यामधलं अंतर आणि एकमेकींवर आणून बसवायच्या दोन प्रतिमा. त्यातली एक गोष्ट आज पदोपदी लागणार आहे. रेंजफाइंडरमधून बघताना आपला डोळा लेन्समधून पाहत नसतो. लेन्स पुढेमागे सरकताना कॅमेऱ्यातली एक दांडी ढकलते, दांडी आतला आरसा किंवा प्रिझम हलवते आणि आपण समोर दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवतो. इतकाच काय तो लेन्सचा आणि आपल्या नजरेचा संबंध. लेन्सने फिल्मवर नेमके काय दिवे लावले, ते फिल्म धुतल्यावरच कळतं. एफ ५.६ ला त्यानं काही अडत नाही. एफ १.५ ला अडतं, आणि रेंजफाइंडरच्या वेगवान पन्नास मिलिमीटर लेन्सची सगळी तुलना शेवटी इथेच येऊन ठेपते.

मुळात इतकी उघडी लेन्स हवी कशाला होती? कारण फिल्म मंद होती. १९३६ साली ३५ मिमीमध्ये आलेली कोडाक्रोम आजच्या मोजणीत जेमतेम १० आयएसओची. काळ्या-पांढऱ्या फिल्म त्याहून बऱ्या, पण संध्याकाळी घरात दिव्याखाली फोटो काढायचा तर त्याही अपुऱ्याच. एरिच सालोमन यांनी १९२८ च्या सुमारास न्यायालयांत आणि राजकीय परिषदांत फ्लॅशविना टिपलेले फोटो जर्मनीत गाजले ते याचमुळे. त्यांच्या एर्मानॉक्स कॅमेऱ्यावरची एर्नोस्टार ही लेन्स लुडविग बेर्टेले या तरुणाची. एर्नेमान कंपनी १९२६ मध्ये झाइस इकॉनमध्ये विलीन झाली, त्यासोबत बेर्टेलेही तिकडे गेले आणि १९३२ च्या काँटॅक्ससाठी त्यांनी पन्नास मिमीची सोनार केली. आधी एफ २, पाठोपाठ एफ १.५.

लायकाकडे तेव्हा एफ १.५ नव्हतीच. ती यायला १९३६ उजाडलं, आणि आली तीही घरची नव्हे. झेनॉन नावाची ही लेन्स श्नायडरच्या आराखड्यावरची होती. या दोन लेन्समधला फरक आकड्यांत बघण्यासारखा आहे. दोन्हींत भिंगं सातच. पण बेर्टेलेंनी ती एकमेकांना चिकटवून तीन गटांत बसवली, झेनॉनमध्ये त्यांचे पाच गट झाले. प्रत्येक गटाला हवेला लागलेले दोन पृष्ठभाग, म्हणजे सोनारमध्ये सहा आणि झेनॉनमध्ये दहा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे पाच टक्के प्रकाश परत फिरतो. हिशोब केला तर सोनारमधून त्र्याहत्तर टक्के प्रकाश पार होतो, झेनॉनमधून साठ. बॅरलवर एफचा आकडा एकच, फिल्मवर पडणारा उजेड वेगळा. शिवाय परत फिरलेला प्रकाश निमूट जात नाही. तो आतल्या आत उसळत राहतो आणि सावल्यांवर राखाडी पडदा धरतो. समोर दिवा असला की जुनी झेनॉन ओळखू येते ती अशी.

१९३५ मध्ये झाइसमधल्याच अलेक्झांडर स्माकुलांनी काचेवर पातळ लेप देण्याची पद्धत शोधली. युद्धानंतर ती सर्वत्र पसरली तेव्हा सोनारचा हा फायदा संपला आणि उरला तो तिचा दोष. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण आजही सोनार घेणारा माणूस त्याच्यावरच अडखळतो.

भिंगाच्या कडेतून येणारे किरण आणि मधोमध येणारे किरण एकाच बिंदूवर मिळावेत ही अपेक्षा. सोनारमध्ये कडेचे किरण थोडे अलीकडेच मिळतात. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला या दोहोंची तडजोड होऊन एका जागी फोकस ठरतो. आता अ‍ॅपर्चर एफ २.८ ला मिटवलं की कडेचे किरण छाटले जातात, मधल्यांचं राज्य सुरू होतं आणि फोकस सरकतो. आपल्या बाजूनं पाहिलं तर समोरची स्पष्ट दिसणारी पातळी थोडी मागे जाते. एक मीटरवर एफ १.५ ला स्पष्टतेची एकूण खोली साधारण साडेतीन सेंटिमीटर. एवढ्याशा जागेत फोकस दोन-तीन सेंटिमीटर सरकला तर डोळ्यावर धरलेला फोकस कानाकडे सरकतो. आणि रेंजफाइंडरला याचा पत्ताच नसतो. अ‍ॅपर्चर कितीही असो, तो तीच जागा दाखवतो.

म्हणून अशी लेन्स बनवणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं की रेंजफाइंडर कोणत्या अ‍ॅपर्चरला खरा बोलेल. झाइसनं २००६ च्या आसपास सी सोनार ५० मिमी एफ १.५ नव्यानं आणली तेव्हा ती एफ २.८ ला जुळवलेली होती. लोकांनी ती हौसेनं पूर्ण उघडून वापरली आणि फोकस पुढे येतो म्हणून ओरड केली. पुढे कारखान्यातून एफ १.५ ला जुळवलेल्या लेन्सही निघाल्या. त्यांचा फोकस एफ २.८ ते ४ ला मागे जातो. दोन्हींपैकी एकही नादुरुस्त नाही. जुनी सी सोनार घेणाऱ्याने किमतीच्या आधी विचारायचा प्रश्न हाच, की ही कुठे जुळवली आहे.

एवढं असूनही ती लोक का घेतात? पूर्ण उघडी असताना सोनार जे चित्र देते त्यासाठी. मधोमध रेषा पुरेशा स्पष्ट, त्यांच्यावर मऊपणाची हलकी साय, आणि मागचा पसारा गडबड न करता विरघळत जातो. चेहऱ्यासाठी याहून चांगली पन्नास मिमी लेन्स मला माहीत नाही. इमारतींसाठी मात्र ती मी कुणाला सुचवणार नाही.

युद्धानंतर जर्मन पेटंटांचं संरक्षण उरलं नाही आणि सोनारला नवी घरं मिळाली. काँटॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात नेण्यात आली, त्यातून कीव्ह हा कॅमेरा निघाला आणि सोनारची युपिटर-३ झाली. जपानमध्ये निकॉननं १९५० मध्ये निक्कॉर एफ १.४ काढली. तीही सात भिंगं, तीन गट, म्हणजे सोनारच्याच घराण्यातली. त्याच वर्षी ‘लाइफ’ मासिकाचे डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जुन मिकी या जपानी छायाचित्रकारानं ८५ मिमी निक्कॉरनं त्यांचा फोटो काढला. तो बघून डंकन चकित झाले, कारखान्यात जाऊन लेन्स पारखून घेतल्या आणि कोरियाच्या युद्धावर त्याच घेऊन गेले. जपानी काच म्हणजे स्वस्त नक्कल, हा समज त्यानंतर टिकला नाही.

युपिटर-३ बद्दल एक इशारा, कारण ‘स्वस्तातली सोनार’ म्हणून आपल्याकडचे हौशी लोकही ती मागवतात. फोकसची दांडी किती सरकली म्हणजे किती अंतर, याचं लायकाचं प्रमाण ५१.६ मिमी लेन्सचं आहे, काँटॅक्सचं ५२.४ चं. युपिटर लायकाच्या आट्यांतही मिळते, पण ती काँटॅक्सच्या मापाची. लांबचं सगळं बरोबर येतं, जवळ आलं की फोकस चुकतो. मग लोक काचेला दोष देतात. काच बहुधा चांगलीच असते, माप दुसऱ्या घरचं असतं.

यानंतर शर्यत सुरू झाली आणि शर्यतीत शहाणपण कमी असतं. १९५३ मध्ये झुनोव एफ १.१, पुढच्या वर्षी फुजिनॉन एफ १.२, १९५६ मध्ये कॅननची एफ १.२ आणि निक्कॉर एफ १.१, आणि १९६१ मध्ये कॅनन ७ बरोबर आलेली एफ ०.९५. या शेवटच्या लेन्सचं मागचं भिंग एवढं मोठं, की फोकसच्या दांडीला जागा राहावी म्हणून त्याची एक बाजू कापावी लागली. काचेच्या किमती भिंगाचा तुकडा कापून टाकायची वेळ येते तेव्हा कुठेतरी थांबायला हवं होतं, असं मला वाटतं.

लायकानं वेगळी वाट धरली. १९६६ च्या नॉक्टिलक्स एफ १.२ मध्ये दोन पृष्ठभाग गोलाकार नसलेले, म्हणजे अ‍ॅस्फेरिकल होते. ते घासण्याचं काम इतकं जिकिरीचं होतं की लेन्स फार निघाल्याच नाहीत. पुढे कॅनडातल्या मिडलंडमध्ये वॉल्टर मँडलर यांनी विशेष काच वापरून, एकही अ‍ॅस्फेरिकल पृष्ठभाग न घेता, एफ १ गाठलं. २००८ मध्ये पेटर कार्बे यांची एफ ०.९५ आली. तिचं वजन ७०० ग्रॅम. लायका एम६ ची नुसती बॉडी याहून हलकी असते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. त्यात ही लेन्स व्ह्यूफाइंडरचा खालचा कोपरा व्यापून टाकते, म्हणजे ज्याचा फोटो काढायचा तोच तिच्याआड जातो.

मिळतं काय? एफ १.४ वरून ०.९५ वर गेलं तर दुपटीहून जरा जास्त प्रकाश, म्हणजे एका स्टॉपपेक्षा किंचित अधिक. ४०० ऐवजी ८०० आयएसओची फिल्म घातली तरी जवळजवळ तेवढंच साधतं. आणि एक मीटरवर स्पष्टतेची खोली सव्वादोन सेंटिमीटरवर येते.

इथे कॅमेऱ्याचा प्रश्न येतो. रेंजफाइंडर किती बारकाईनं मोजू शकेल हे खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं विवर्धन यावर ठरतं, हे मागे पाहिलंच. लायका एम३ मध्ये हा गुणाकार ६२ मिमीच्या आसपास, ०.७२ च्या एम६ मध्ये ५०, कॅनन ७ मध्ये ४७. बेसा आर२ मध्ये तो फक्त २६. बेसावर एफ १ ची लेन्स लावून जवळचा चेहरा टिपायचा म्हणजे नशिबावर हवाला. एफ १.५ तिथे काळजीपूर्वक चालते, एफ २ निर्धास्त.

आजच्या घडीला निवड कशी करावी? फोकस सरकण्याची चिंताच नको असेल आणि खिसा भक्कम असेल तर २००४ ची समिलक्स अ‍ॅस्फेरिकल. तिच्यात फोकस करताना भिंगांचे गट एकमेकांच्या तुलनेत सरकतात, त्यामुळे जवळही ती तितकीच नेटकी राहते. खिसा मध्यम असेल तर कोसिनाची फोइग्टलेंडर नोक्टॉन एफ १.५ अ‍ॅस्फेरिकल. १९९९ पासून ती निरनिराळ्या रूपांत मिळते, आणि दर रुपयामागे काम मोजलं तर माझं पहिलं मत तिलाच. चेहरे हाच ध्यास असेल तर सोनार, तिचे नखरे सांभाळून. एफ १ आणि त्यापुढच्या लेन्सबद्दल एवढंच म्हणेन की हौसेला मोल नसतं. एरवी त्यांची गरज मला पटलेली नाही.

३० जानेवारी १९४८ च्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकावर नेहरू गांधीजींच्या मृत्यूची बातमी सांगत होते. आंरी कार्तिए-ब्रेसाँनं टिपलेली ती चौकट धूसर आहे. लेन्सच्या कोणत्याही चाचणीत ती नापास होईल, आणि तरी त्या रात्रीचा तिच्याइतका खरा फोटो नाही.

तुमच्याकडे आधीच एखादी वेगवान पन्नास असेल तर नवी घेण्यापूर्वी तिची परीक्षा घ्या. टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवा, कॅमेरा तिपाईवर एक मीटरवर लावा आणि मधल्या एका आकड्यावर प्रतिमा जुळवा. मग फोकसच्या रिंगला हात न लावता एफ १.५, २, २.८ आणि ४ ला एकेक फोटो घ्या. स्पष्ट आकडा पुढे-मागे सरकत गेला तर लेन्स दुरुस्तीला पाठवू नका. कोणत्या अ‍ॅपर्चरला ती किती सरकते ते एका चिठ्ठीवर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. चारही फोटोंत तो सारख्याच अंतरानं चुकला, तर मात्र दोष जुळवणीत आहे. तेव्हा लेन्स आणि कॅमेरा दोन्ही एकत्रच कारागिराकडे न्या.

पुढच्या आठवड्यात ३५ मिमीच्या लेन्स.