खड्डा तोलून धरणारा चिखल

कोलकाता मेट्रोची ऑरेंज लाइन ऑगस्ट 2025 मध्ये बेलेघाटापर्यंत धावू लागली आणि न्यू टाउनमार्गे विमानतळाकडे जाणारा उरलेला टप्पा पुन्हा चर्चेत आला. मात्र ही चर्चा तारखा आणि परवानग्यांपलीकडे जात नाही, आणि खांब उभे करण्यासाठी लागणाऱ्या बेंटोनाइटच्या मातकट चिखलाचा तर तिच्यात उल्लेखही नसतो.

न्यू टाउन भातशेती आणि पाणथळ जमिनीवर वसले आहे. शेजारचे सॉल्ट लेक 1962 ते 1967 या काळात हुगळीतला गाळ पाण्यात मिसळून नळांतून आणून भरले गेले. या सगळ्या पट्ट्यात वरचे साधारण 12 ते 15 मीटर मऊ चिकणमातीचे असून त्यांत कुजलेल्या लाकडाचे काळे थर आढळतात, त्यामुळे उंच इमारतीचा किंवा मेट्रोच्या खांबाचा भार पाइलच्या (जमिनीत खोलवर ओतलेल्या काँक्रीटच्या खांबाच्या) साहाय्याने खालच्या कठीण थरांपर्यंत न्यावा लागतो. पाइलसाठी खणलेला खोल, अरुंद खड्डा अशा मातीत ढासळू नये म्हणून तो बेंटोनाइटच्या स्लरीने, म्हणजे पातळ चिखलाने, भरलेला ठेवतात. ही स्लरी पाण्यासारख्या साध्या द्रवाप्रमाणे वागत नाही.

न्यूटनने 1687 मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार द्रवाचे थर एकमेकांवरून जितक्या वेगाने सरकतात तितक्याच प्रमाणात त्यांचा विरोध वाढतो, म्हणजे विष्यंदिता (वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) स्थिर राहते. पाणी आणि खाद्यतेल हा नियम पाळतात. केचप, रंग, टूथपेस्ट आणि श्रीखंड पाळत नाहीत. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून त्यावर बुक्की मारली की ते घट्ट होते, हा विज्ञान प्रदर्शनांतला ठरलेला खेळ याच कुळातला असला, तरी त्याला मिळणारी प्रसिद्धी त्याच्या उपयोगाच्या मानाने फार जास्त आहे. बांधकामाला लागतो तो नेमका उलट स्वभाव.

तो बेंटोनाइटमध्ये सापडतो. कच्छ आणि बाडमेरच्या खाणींतून येणाऱ्या या मातीचे कण अतिसूक्ष्म, चपटे पापुद्रे असतात. त्यांच्या कडांवरचा आणि पृष्ठभागांवरचा विद्युतभार सारखा नसल्याने स्थिर पाण्यात ते एकमेकांना अडकून पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना उभी करतात, आणि चिखल जेलीसारखा थिजतो. ढवळताच ही रचना मोडून तो पातळ होतो, आणि हालचाल थांबली की काही वेळाने पुन्हा थिजतो. या गुणाला थिक्सोट्रॉपी म्हणतात. शिवाय ठरावीक ताण पडेपर्यंत असा चिखल वाहतच नाही. या वर्तनाचे गणित मांडणाऱ्या यूजीन बिंगहॅम यांच्या नावाने असे पदार्थ ओळखले जातात.

खड्ड्यात स्लरीची पातळी भूजलापेक्षा वर ठेवतात, त्यामुळे ती भिंतीतल्या वाळूच्या फटींत शिरते, तिथे थिजते आणि भिंतीवर पातळ, जवळजवळ जलरोधक पापुद्रा धरते, ज्याच्या आधाराने स्लरीचा दाब मातीला मागे रेटतो. नंतर ट्रेमी नावाच्या नळीतून काँक्रीट थेट तळाशी सोडले की हलकी स्लरी वर ढकलली जाते आणि वाळू काढून पुन्हा वापरता येते. मात्र ती फार दाट झाली तर काँक्रीट तिला पूर्णपणे हटवू शकत नाही, आणि फार पातळ राहिली तर भिंत सुटते.

एवढ्या नाजूक गोष्टीची परीक्षा मात्र एका फनेलने होते. मार्श कोनमध्ये 1500 मिलिलिटर स्लरी भरून त्यातली 946 मिलिलिटर वाहून जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजतात. पाण्याला सुमारे 26 सेकंद लागतात, तर पाइलिंगच्या भारतीय मानकाला सर्वसाधारणपणे 30 ते 60 सेकंद अपेक्षित आहेत. काटेकोर प्रयोगशाळेला हा एकच आकडा अपुरा वाटेल, कारण त्यातून थिजण्याची ताकद कळत नाही. तरीही खड्डा खणणाऱ्या रिगशेजारी, भर पावसात, दुसरे कोणतेही उपकरण इतके भरवशाचे ठरत नाही.

खरी हेळसांड वापरून झालेल्या स्लरीची होते. स्थिर झाली की थिजणे हा तिचा गुण गटारात दोष ठरतो, आणि न्यू टाउनलगत तर 2002 पासून रामसार यादीत असलेली, सुमारे 12,500 हेक्टरची पूर्व कोलकाता पाणथळ भूमी आहे; तेव्हा स्लरीचा टँकर शेवटी कुठे रिकामा होतो याची नोंद मार्श कोनच्या सेकंदांइतक्याच नियमाने ठेवली जायला हवी.