पाण्याला पद्धत मिळाली, माती राहिली

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथे आले. तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरात राहणाऱ्याला राख दाखवायला आकडा लागत नाही, ती वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसते. कारवाईला मात्र आकडा लागतो, आणि आकड्याचा जन्म प्रयोगशाळेत नव्हे, नदीच्या काठावर किंवा शेताच्या बांधावर होतो. नमुना तिथे चुकला तर पुढचे सगळेच चुकते.

प्रदूषण रोखण्याच्या कामात महाराष्ट्राने लवकर पाऊल उचलले होते, हे आवर्जून नोंदवायला हवे. केंद्राच्या १९७४ च्या जल कायद्याआधी, १९६९ मध्येच राज्याने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापले. १९७४ च्या कायद्यातले एकविसावे कलम आजही वाचण्यासारखे आहे. सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला तिथेच नोटीस द्यायची. त्याने मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सीलबंद करायच्या, दोघांनी सह्या करायच्या. ही रीत पाळली नाही, तर तो अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही.

कायद्याने साक्ष आणि सील शिकवले. बाटली कुठे, किती खोल बुडवायची, हे शिकवले नाही. इकडे १९८३ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला २१० मेगावॅटचा संच सुरू झाला. इरई धरणाचे पाणी वीज केंद्रात जाऊ लागले, राख पाण्यात कालवून बंधाऱ्याकडे जाऊ लागली. पुढे केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅटपर्यंत गेली. १९८७ मध्ये भारतीय मानक आयएस ३०२५ च्या पहिल्या भागाने नमुना घेण्याची शिस्त लिहून दिली. तरीही नदी मोजणारे, भूजल मोजणारे आणि प्रदूषण मोजणारे आपापल्या रीतीने चालत. एकाचे आकडे दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येत नसत. २००५ च्या एकसमान जलगुणवत्ता आदेशाने त्यांना एका रांगेत आणले.

त्या शिस्तीतले बारकावे मला फार मोलाचे वाटतात. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. नमुना काठाच्या साचलेल्या पाण्यातून नाही, तर प्रवाह नीट मिसळलेला असेल तिथून, पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटिमीटरवरून घ्यायचा. विरघळलेला प्राणवायू जागेवरच रसायन घालून पक्का करायचा, नाहीतर गाडीतल्या प्रवासातच तो बदलतो. धातू तपासायचे असतील तर नायट्रिक आम्ल टाकायचे, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि अहवालात पाणी निर्मळ ठरते. हातपंप आधी बराच वेळ हापसायचा, कारण पहिले पाणी नळीत थांबलेले, गंजाचे असते.

मातीला असे भाग्य लाभले नाही. २०१५ च्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेने शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मध्यातून, १५ ते २० सेंटिमीटर खोल व्ही आकाराचे खड्डे घेऊन माती एकत्र करायची रीत घालून दिली. बागायतीत अडीच हेक्टरला आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक नमुना. खताचा हिशेब करायला ही रीत चांगली आहे. पण पत्रिकेतल्या बारा घटकांत पारा नाही, आर्सेनिक नाही. शिवाय राख पडते ती वरच्या थरावर. वीस सेंटिमीटर माती एकत्र केली की वरचे दोन सेंटिमीटर त्यात हरवतात. धानाच्या बांधीत चिखलणीने राख आधीच खालीवर होते, आणि काळ्या रानात उन्हाळ्याच्या भेगांतून खोल उतरते. म्हणजे शेजारच्या दोन शेतांनाही एकच खोली लावून भागत नाही. औद्योगिक पट्ट्यांना गुण देणाऱ्या प्रदूषण निर्देशांकाच्या २०१६ च्या सुधारित पद्धतीतही जमिनीचा हिशेब भूजलावरून होतो. माती स्वतः तिथे बोलत नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले. आता तरी माती मोजावी लागेल. म्हणून वीज केंद्र चालवणारी महानिर्मिती, राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कृषी विभाग यांना विनंती आहे: राखेच्या बंधाऱ्याभोवतीची आणि वाऱ्याच्या दिशेतली ठिकाणे एकदाच ठरवा, वरच्या पाच सेंटिमीटरचा नमुना खालच्या थरापासून वेगळा घ्या, दरवर्षी पावसाळ्याआधी त्याच जागी परत या, आणि प्रत्येक नमुन्यातली मूठभर वाळलेली माती जपून ठेवा.