सराटा आणि सायकलचा टायर

देवगाव फाट्याला सायकल रस्त्याखाली उतरवलीत, की टायरमध्ये सराटा रुतलाच म्हणून समजा! एवढासा काटा जाड रबर कसे भेदतो? टोकाचे क्षेत्रफळ अत्यल्प. म्हणून थोड्या भारानेही तेथे प्रचंड दाब पडतो.

मग टायर जाडच घ्यावा का? सरावासाठी होय. पण जाड रबर प्रत्येक फेऱ्यात दबते, पूर्ववत होते; त्यात ऊर्जा उष्णतारूपाने वाया जाते. म्हणून शर्यतीचे टायर पातळ असतात.

यावर तोड म्हणजे स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ सालच्या शोधातून आलेला केवलारचा धागा. वजनाच्या मानाने तो पोलादाच्या पाचपट बळकट! त्याचा पट्टा रबराखाली असला, की वजन फारसे न वाढता बरेच काटे अडतात.

तरीही घरी पोचताच टायर तपासा. रुतलेला सराटा ट्यूबपर्यंत पोचण्याआधीच उपटलेला बरा!