कृती दिसते, अर्थ लावावा लागतो

रस्त्यावर वर्दळ आहे. अचानक पावसाची सर येते आणि शंभरेक छत्र्या एकदम उघडतात. याला सामाजिक कृती म्हणायचे का? जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचे उत्तर होते, नाही. प्रत्येकाने पाऊस पाहून छत्री उघडली, शेजारच्या माणसाला पाहून नव्हे. दोन सायकलस्वार एकमेकांवर आदळले, तर तीही नुसती घटनाच. पण टक्कर चुकवण्यासाठी एकाने हँडल वळवले, किंवा आदळल्यावर दोघे भांडले, अथवा ‘लागलं नाही ना?’ असे विचारून मोकळे झाले, तर ती सामाजिक कृती. कारण आता एकाचे वागणे दुसऱ्याला लक्षात घेऊन घडते आहे.

वेबर १९२० साली वारले. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की, माणसे काय करतात हे नुसते मोजून भागत नाही. करणाऱ्याच्या दृष्टीने त्या कृतीचा अर्थ काय, तेही समजून घ्यावे लागते. एक माणूस लाकडे फोडतो आहे. मजुरीसाठी, घरच्या चुलीसाठी, की राग काढण्यासाठी? कुऱ्हाड तीच, घाव तेच. अर्थ मात्र निराळा.

मग हा अर्थ येतो कुठून? शिकागो विद्यापीठातले जॉर्ज हर्बर्ट मीड सांगत की, दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहायला शिकतच माणसाचा ‘मी’ घडतो. त्यांचाच विचार पुढे नेणाऱ्या हर्बर्ट ब्लूमर यांनी १९३७ साली या दृष्टीला ‘प्रतीकात्मक आंतरक्रियावाद’ असे नाव दिले. नाव जड आहे, म्हणणे सोपे आहे: वस्तूंचे आणि वागण्याचे अर्थ माणसांच्या परस्पर व्यवहारातून तयार होतात, आणि बदलतातही.

हे अर्थ आपण किती गृहीत धरतो, ते अमेरिकेतील हॅरॉल्ड गार्फिंकेल यांनी एका मजेदार प्रयोगातून दाखवले. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले, पंधरा मिनिटे ते तासभर आपल्याच घरी भाडेकरूसारखे वागा. अदबीने बोला, विचारल्याशिवाय बोलू नका, घरगुती काही काढू नका. यात वाईट असे काहीच नव्हते. तरीही घरचे लोक चक्रावले, चिडले. बरे नाही का, अभ्यासाचा ताण आला का, कुणाशी बिनसले का, अशी विचारपूस सुरू झाली. सभ्यपणासुद्धा चुकीच्या जागी आला की घर हादरते!

घरच्यांनी निदान विचारले तरी. जिथे कुणी विचारतच नाही, तिथे काय होते? अर्विंग गॉफमन १९५५-५६ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात वर्षभर वावरले. सात हजारांहून अधिक रुग्ण असलेली ती संस्था. १९६१ साली आलेल्या ‘असायलम्स’ या पुस्तकात त्यांनी अशा संस्थांमधले एक दुष्टचक्र उलगडले. रुग्णाला एकांत खोलीत कोंडले, जवळचे सगळे काढून घेतले. राग व्यक्त करायला दुसरे साधन उरले नाही, म्हणून त्याने गादी फाडली. संस्थेच्या लेखी हाच पुरावा ठरला: पाहा, याला कोंडायलाच हवे होते! त्याच्या लेखी तो निषेध होता, संस्थेच्या नोंदीत ते लक्षण झाले. आणि दोन अर्थांपैकी कोणता चालणार, हे ठरवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे होता.

म्हणूनच हे सिद्धान्त केवळ विद्यापीठाच्या वर्गापुरते नाहीत. वर्गात गप्प बसणारे मूल ‘ढ’ ठरते, साहेबाला प्रश्न विचारणारा कारकून ‘उद्धट’ ठरतो. एकदा शिक्का बसला की पुढचे सारे वागणे त्या शिक्क्यातूनच वाचले जाते. अर्थ लावल्यावाचून आपले चालणार नाही, हे खरे. पण आपण लावलेला अर्थ म्हणजे समोरच्याचा हेतू नव्हे. शिक्का मारण्याआधी त्याला एकदा विचारून पाहावे, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने तर अगत्याने विचारावे.