बेप्पूच्या गरम पाण्यात उतरण्याआधी

जपानमधली विहारे पाहायला आपल्यातले काही जण जातात. जाऊन आलेल्यांपैकी कुणी बेप्पूचे नाव काढले, की बाकीच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथल्या पाण्याने गुडघे बरे होतात का? आम्ही स्वतः ते शहर पाहिले आहे आणि नर्सिंगमध्ये बरीच वर्षे काढली आहेत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर थोडे सविस्तर सांगतो.

बेप्पू हे क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतातले, समुद्राकाठचे लाखभर वस्तीचे शहर. फुकुओकाहून रेल्वेने साधारण दोन तास लागतात. डोंगराच्या बाजूने पाहिले तर घराघरांमधून धूर निघतोय असे वाटते. तो धूर नसतो, वाफ असते. पाठीमागे ज्वालामुखीचे डोंगर आहेत. पावसाचे पाणी जमिनीत खोल मुरते, तिथे तापते आणि फटींतून पुन्हा वर येते. अशी उगमस्थाने शहरात २००० हून जास्त आहेत. जपानमधल्या दुसऱ्या कुठल्याही गावात एवढे गरम पाणी निघत नाही. त्यामागे ना कुठला चमत्कार आहे, ना कुणा देवाची कृपा.

काही कुंडे नुसती पाहण्याची. त्यांना तिथे ‘जिगोकू’ म्हणजे नरक म्हणतात. एक निळेशार आहे, त्याचे पाणी ९८ अंशांच्या आसपास. दुसरे लोखंडाच्या गाळाने रक्तासारखे लाल. लहान मुलांचा हात तिथे सोडू नये, एवढेच आमचे सांगणे.

अंघोळीची ठिकाणे वेगळी. मोठ्या हॉटेलांत आहेत, तशी गल्लीबोळांतही आहेत. गल्लीतली न्हाणीघरे पुष्कळदा त्या मोहल्ल्यातले लोकच चालवतात, साफसफाईही तेच बघतात. काही ठिकाणी थोडक्या येनांत अंघोळ होते. ताकेगावारा हे जुने न्हाणीघर १८७९ सालचे, आताची लाकडी इमारत १९३८ ची. तिथे सुती झगा घालून झोपायचे आणि तिथल्या बाया फावड्याने अंगावर गरम वाळू ओढतात. कान्नावा भागात वाफेची खोली आहे. इप्पेन या तेराव्या शतकातल्या बौद्ध भिक्खूंनी ती लोकांसाठी सुरू केली, असे तिथे सांगतात. दगडी, ठेंगण्या खोलीत सेकिशो नावाची वनस्पती अंथरलेली असते आणि तिच्यावर आठ-दहा मिनिटे पडायचे. सेकिशो म्हणजे आपल्या वेखंडाची बहीणच. वासावरून आम्ही लगेच ओळखली.

आता गुडघ्यांचे. गरम पाण्यात स्नायू सैल होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाण्यात अंगाचा भार हलका होतो. त्यामुळे दुखणे काही वेळ, कधी काही दिवस कमी वाटते. हा आराम खरा आहे. पण झिजलेला सांधा भरून येत नाही, साखर उतरून कायमची जात नाही, टीबी तर मुळीच बरा होत नाही. जुन्या काळी जपानी शेतकरी, कोळी आठवडेच्या आठवडे तिथे मुक्काम करायचे आणि वाफेवरच भाज्या, भात शिजवून खायचे. त्यांना जो गुण यायचा, त्यात कामापासून मिळालेल्या विश्रांतीचा वाटा मोठा असणार, असे आम्हांला वाटते. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला पंधरा दिवस बसून खायला मिळाले, तर तिचेही गुडघे निम्मे दुखतील.

तिथली एक गोष्ट आम्हांला फार आवडली. जपानमध्ये १९४८ पासून गरम झऱ्यांचा कायदा आहे. पाण्यात कोणते क्षार आहेत आणि कुणी पाण्यात उतरू नये, याची पाटी न्हाणीघरात लावावी लागते. अंगात ताप, सक्रिय टीबी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा गंभीर आजार, कुठूनही रक्तस्राव होत असणे, हे त्या यादीत असते. पूर्वी गरोदर बाईचेही नाव असायचे. पुरेसा आधार नाही म्हणून २०१४ मध्ये ते काढले. तरीही पहिल्या महिन्यांत फार कढत पाण्यात जास्त वेळ बसू नये आणि ओल्या फरशीवर जपून चालावे, असे आम्ही सांगू.

बीपीच्या लोकांनी नीट ऐका. टाकीतले पाणी ४२ अंशांच्या आसपास असते, कुठे त्याहूनही कढत. थंडीत कपडे काढताना बीपी चढते, पाण्यात बसल्यावर उतरते आणि झटकन उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. जपानमध्ये अंघोळीच्या वेळी बुडून मरणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या रस्त्यावरच्या अपघातांत मरणाऱ्या म्हाताऱ्यांपेक्षा जास्त आहे. म्हणून आधी पायांवर, मग हळूहळू वर पाणी घ्यावे. पाच-दहा मिनिटांत बाहेर यावे, उठताना कठडा धरावा. दारू पिऊन किंवा जेवल्याबरोबर उतरू नये. बीपीची गोळी ‘आज पाण्याने भागेल’ म्हणून चुकवायची नाही. साखरेमुळे ज्यांच्या पायांना बधिरता आहे त्यांनी वाळू आणि वाफ टाळावी. पाय भाजला तरी त्यांना कळत नाही.

विदर्भातल्या आपल्या घरांत सिकलसेल आहे, म्हणून हे वेगळे सांगतो. सिकलसेलच्या रुग्णाला कोमट पाण्याने बरे वाटते. पण घामाने अंगातले पाणी कमी झाले किंवा गरम टाकीतून एकदम थंड टाकीत उडी मारली, तर वेदनांचा झटका येऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. उतरायचेच असेल तर आधी आणि नंतर भरपूर पाणी प्यावे.

न्हाणीघरात सगळे नागवेच असतात. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. आपल्या बायकांना पहिल्यांदा संकोच होतोच. छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच टाकीत उतरायचे. केस बांधायचे, टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. पाळीत टाकीत उतरत नाहीत. तो विटाळ नव्हे. वाहती जखम असलेल्या पुरुषालाही तोच नियम आहे, कारण पाणी सगळ्यांचे. ही शिस्त सुटली की काय होते तेही पाहा. २००२ साली क्यूशूतल्याच ह्यूगा शहरात एका न्हाणीघराच्या पाण्यात लेजिओनेला जंतू वाढले आणि सात माणसे न्यूमोनियाने गेली.

पाणी सगळ्यांचे म्हटले, तरी शहर नेहमी सगळ्यांचे नव्हते. मार्च १९२२ मध्ये बेप्पूच्या मातोगाहामा किनाऱ्यावरच्या गरिबांच्या झोपड्या पोलिसांनी जाळून टाकल्या. राजघराण्यातला एक पाहुणा येणार होता. जपानमध्ये अस्पृश्यांसारखी वागणूक मिळालेल्या बुराकू लोकांनी आपली ‘सुइहेइशा’ ही संघटना त्याच महिन्यात क्योतोला स्थापन केली होती. पर्यटकांच्या माहितीपत्रकात हे आम्हांला कुठे दिसले नाही.

शेवटी गोंदणाबद्दल. आपल्या तरुणांच्या दंडावर ‘जय भीम’ असते, आजीच्या हातावर हिरवे गोंदण. जपानमध्ये गोंदणाचा संबंध गुंडांच्या टोळ्यांशी लावतात, त्यामुळे बऱ्याच न्हाणीघरांत गोंदलेल्यांना आत घेत नाहीत. बेप्पूत मात्र चालवून घेणारी बरीच ठिकाणे आहेत. आत जाण्यापूर्वी दारातच विचारावे. नाहीतर तासावर भाड्याने मिळणारी छोटी खोली घ्यावी, तिथे घरचे लोक एकत्र अंघोळ करू शकतात. संकोच वाटणाऱ्या बायकांचीही सोय तिथेच होते.