पूनाएन्सिस : लांडगा कोळ्याची नवी जाती कशी ठरते

भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या 'फौना ऑफ इंडिया' या ग्रंथमालेतील कोळ्यांवरचा पहिला खंड १९८० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या उत्तरार्धात बी. के. टिकादर आणि एम. एस. मल्होत्रा यांनी लायकोसिडी या कुलातील, म्हणजेच लांडगा कोळ्यांच्या कुलातील, भारतीय जातींची सुमारे दोनशे पानांत मांडणी केली असून, विज्ञानाला तोवर अपरिचित असलेल्या ज्या जातींना त्यात नावे मिळाली, त्यांत लायकोसा पूनाएन्सिस ही पुण्याचे नाव धारण करणारी जातीही आहे. या नावातील पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे निकटच्या जातींच्या गटाचा, तर दुसरा जातीचा असतो. सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ मध्ये पुण्यात स्थापन झाले होते आणि टिकादर यांनी महाराष्ट्र व तत्कालीन म्हैसूर राज्यातील कोळ्यांवरील आपला अभ्यास १९६३ साली पुणे विद्यापीठाच्या विज्ञानविषयक नियतकालिकात मांडला होता, हे लक्षात घेतले म्हणजे १९८० च्या खंडामागे किती वर्षांची पूर्वतयारी होती याची कल्पना येते.

लांडगा कोळी सहसा जाळे विणत नाहीत. जमिनीवर, गवतात, पालापाचोळ्यात किंवा पाणथळ काठावर ते पाठलाग करून अथवा दबा धरून भक्ष्य पकडतात. फनेलच्या आकाराचे जाळे विणणारी हिप्पासा ही प्रजाती या नियमाला ठळक अपवाद होय. कुलाची ओळख डोळ्यांवरून पटते, कारण आठ डोळ्यांपैकी चार लहान डोळे पुढच्या ओळीत, दोन मोठे मधल्या ओळीत आणि उरलेले दोन त्यांच्या मागे अशी तीन ओळींची रचना असते. मागच्या दोन्ही ओळींतील डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असल्यामुळे रात्री कपाळाला बांधलेल्या विजेरीच्या झोतात हे कोळी गवतातून दुरूनही चमकतात, आणि संकलकांचे निम्मे काम या चमकेनेच होते. मादी अंड्यांची गोल पिशवी उदराच्या टोकाशी, धागा सोडणाऱ्या अवयवांना चिकटवून वाहते आणि पिल्ले बाहेर पडल्यावर त्यांना काही दिवस पाठीवर बाळगते. या कुलातील पार्डोसा प्रजातीचे कोळी भातखाचरांत पिकावरील तुडतुडे फस्त करतात, त्यामुळे मावळ-मुळशीसारख्या भातपट्ट्याच्या दृष्टीनेही त्यांची नेमकी ओळख पटणे महत्त्वाचे ठरते.

कुल ओळखणे असे सोपे असले, तरी जाती ठरविणे मात्र अत्यंत कष्टाचे असते, कारण करडा, तपकिरी आणि पिवळसर अशा मोजक्या रंगांच्या छटा व पट्टे शेकडो जातींमध्ये सारखेच आढळतात, वयानुसार बदलतात आणि मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यात फिके पडतात. म्हणून सारा भर जननेंद्रियांच्या रचनेवर दिला जातो. ती शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण होत असल्याने अपक्व कोळ्यावरून नवी जाती वर्णिणे धोक्याचे असते. मादीच्या उदराच्या खालच्या बाजूस एपिगाइन नावाची कठीण पट्टी असते. ती बारीक सुईने अलग करून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवली की मऊ ऊती विरघळतात आणि आतील शुक्रकोश व त्यांच्याकडे जाणाऱ्या नलिका सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट होतात. नरामध्ये तोंडाजवळच्या पेडिपाल्प या पायासारख्या उपांगाचे शेवटचे पेर फुगीर झालेले असते, त्यात वीर्य वाहणारी एम्बोलस ही टोकदार नळी आणि तिच्या शेजारी मध्यभागातून निघणारा एक उभार असतो. या उभाराचा बाक, जाडी आणि टोकाची दिशा यांवर जवळच्या दोन जातींतील फरक अवलंबून असू शकतो. प्रघात असा की डाव्या पेडिपाल्पचे चित्र काढायचे, म्हणजे जगभरातील वर्णने परस्परांशी ताडून पाहता येतात. त्याखेरीज शरीराच्या व पायांच्या प्रत्येक पेराची मिलिमीटरमधील मापे, डोळ्यांमधील अंतरे आणि पायांचे सूत्र नोंदविले जाते. लांडगा कोळ्यांत हे सूत्र बहुधा ४१२३ असते, म्हणजे चौथा पाय सर्वांत लांब आणि तिसरा सर्वांत आखूड. अलीकडे पेशीतील तंतुकणिकांच्या एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडाही वाचला जातो, आणि एकाच ठिकाणी सापडलेले नर व मादी एकाच जातीचे आहेत का, या जुन्या व चिवट प्रश्नाला त्यातून पुष्कळदा उत्तर मिळते.

खरा वेळ मात्र तुलनेत जातो. पुण्यात सापडलेला कोळी नवा आहे असे म्हणण्यापूर्वी पोकॉक यांचा १९०० मधील ब्रिटिश भारताच्या अष्टपादांवरील ग्रंथ, ग्रेव्हली यांचा भारतीय लांडगा कोळ्यांवरील १९२४ चा निबंध, १९८० चा खंड आणि त्यानंतरची सर्व दुरुस्ती-प्रकाशने चाळावी लागतात. जुनी वर्णने त्रोटक आणि चित्रे ढोबळ असल्यास मूळ नमुनाच पाहावा लागतो. या मूळ नमुन्याला होलोटाइप म्हणतात: लेखकाने जातीचे नाव ज्या एका प्राण्याशी कायमचे जोडलेले असते तो प्राणी. २००० सालापासून नव्या जातीसाठी असा नमुना स्पष्टपणे नेमणे आंतरराष्ट्रीय नामसंहितेने बंधनकारक केले आहे. कोळ्यांच्या बाबतीत ही संहिता एक खास सवलतही देते: प्राण्यांच्या नावांची गणना लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १ जानेवारी १७५८ पासून होते, परंतु क्लर्क यांचे स्वीडनमधील कोळ्यांवरील १७५७ चे पुस्तकही त्याच दिवशी प्रसिद्ध झाल्याचे मानून त्यातील नावांना अग्रक्रम दिला जातो.

टिकादर-मल्होत्रा यांचे ऋण मोठे आहे, तसाच त्यांच्या कामाने मागे ठेवलेला प्रश्नही मोठा आहे. लायकोसा ही प्रजाती लात्रेय यांनी १८०४ मध्ये स्थापन केली आणि तिची आधारभूत जाती भूमध्यसागरी प्रदेशातील टॅरंटुला ही होय; विसाव्या शतकात मात्र जगभरचे मोठ्या आकाराचे अनेक लांडगा कोळी सोयीसाठी याच प्रजातीत टाकले गेले. त्यामुळे भारतातील लायकोसा जाती खरोखर त्या प्रजातीच्या आहेत का, हे एकेक जाती तपासून ठरवावे लागते, आणि ही तपासणी नवी जाती शोधण्याइतकीच मोलाची मानली पाहिजे. पूनाएन्सिस उद्या दुसऱ्या प्रजातीत गेली, तर पहिला शब्द बदलेल, मूळ लेखकांची नावे कंसात जातील, पण पूनाएन्सिस हा शब्द टिकेल. छपाईच्या वेळी शहराचे अधिकृत नाव पुणे झालेले होते, याने त्यात काहीही फरक पडत नाही.

मूळ नमुना नष्ट झाला आणि नावाचा गोंधळ सोडविण्यासाठी बदली नमुना नेमणे अपरिहार्य झाले, तर तो शक्य तितका मूळ स्थळाच्या जवळचाच असावा, असे संहिता सांगते. पूनाएन्सिसच्या बाबतीत ते स्थळ पुणे आहे. वेताळ टेकडी, तळजाई आणि पाषाणच्या परिसरातील मोकळे गवताळ उतार बांधकामाने, वणव्याने किंवा अनिर्बंध वृक्षारोपणाने नाहीसे झाले, तर जमिनीवर राहणाऱ्या कोळ्यांचा अधिवास जाईल आणि अशा जातींचे नर, माद्या व जनुकीय नमुने त्यांच्या मूळ परिसरातून पुन्हा गोळा करण्याची वाटही बंद होईल. म्हणून शहरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी या उतारांवरचे प्रौढ नमुने तारीख, अधिवास आणि अचूक अक्षांश-रेखांशांसह आकुर्डी येथील सर्वेक्षण केंद्रात आताच जमा करणे निकडीचे आहे.