वसई-विरारमध्ये ५५ इंची टीव्ही घेताय? किंमत विचारण्याआधी ही गणितं करून बघा

गणपती, दसरा, दिवाळी. वर्षातले हे तीन महिने वसई, नालासोपारा आणि विरारच्या टीव्ही दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. हप्ता ठरतो, टेम्पो येतो, दोन माणसं भलामोठा खोका जिन्यातून वर चढवतात आणि ३२ इंची टीव्हीच्या जागी भिंतीवर ५५ इंची टीव्ही लागतो. घरातले सगळे समोर बसतात, रोजची मालिका सुरू होते आणि कोणीतरी म्हणतंच, "अरे, जुन्या टीव्हीवर यापेक्षा क्लिअर दिसायचं!"

गंमत म्हणजे ते खरं असतं. टीव्ही बिघडलेला नसतो आणि दुकानदारानेही फसवलेलं नसतं. टीव्ही नवीन असतो, पण त्याच्या मागची वायर, बॉक्स आणि पॅक जुनेच असतात. म्हणून हप्त्यांवर पन्नास हजारांची वस्तू घेण्याआधी काही गोष्टी समजून घेणं गरजेचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा वसईतल्या कौलारू घरांवर उंच अँटेना लागायचे आणि त्यांचं तोंड वरळीच्या मनोऱ्याकडे, म्हणजे दक्षिणेला असायचं. वारा आला की अँटेना फिरायचा, पडद्यावर मुंग्या यायच्या आणि घरातला एक जण छपरावरून "आलं का?" असं ओरडायचा.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि अँटेना उतरले. पण ती केबलही अ‍ॅनालॉगच होती. २०११ मध्ये संसदेने केबल टीव्ही कायद्यात दुरुस्ती केली आणि संपूर्ण देशातली केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करायचं ठरलं. पहिल्या टप्प्यात मुंबईसह चार महानगरं होती, मुदत ३१ ऑक्टोबर २०१२. दुसऱ्या टप्प्यात ३८ शहरं होती, त्यात ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली आले, मुदत ३१ मार्च २०१३.

वसई-विरारची महानगरपालिका २००९ मध्येच झाली होती, पण त्या ३८ शहरांत तिचं नाव नव्हतं. त्यामुळे उरलेल्या नागरी भागांबरोबर हे शहर तिसऱ्या टप्प्यात गेलं. त्याची मुदत होती ३१ डिसेंबर २०१५. देशभरात वेगवेगळ्या न्यायालयांत प्रकरणं गेली आणि ही मुदत पुढे ३१ जानेवारी २०१७ पर्यंत लांबली. म्हणजे दहिसरला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि खाडी ओलांडून तीच सक्ती नायगावला पोचायला काही वर्षं गेली.

या काळात अनेकांनी केबलवाल्याने दिलेला सगळ्यात स्वस्त बॉक्स लावून घेतला. तो एसडी बॉक्स होता. कित्येक घरांत तोच बॉक्स आजही सुरू आहे आणि नव्या टीव्हीची पहिली अडचण तिथेच आहे.

डिजिटल म्हणजे एचडी नव्हे

या दोन शब्दांत भरपूर गोंधळ होतो. डिजिटल ही सिग्नल पाठवण्याची पद्धत आहे. चित्राचे आकडे केले जातात, ते दाबून लहान केले जातात आणि त्यामुळे एका अ‍ॅनालॉग वाहिनीच्या जागेत दहाएक वाहिन्या बसतात. एचडी म्हणजे त्या चित्रात किती बारकावे आहेत त्याचं माप.

भारतातल्या एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, म्हणजे साधारण सव्वाचार लाख. फुल एचडीमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे पावणेएकवीस लाख. फोरकेमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख.

आता फोरके टीव्हीवर एसडी वाहिनी लावली तर काय होईल? सव्वाचार लाख ठिपक्यांचा माल ८३ लाख खणांत पसरवायचा. मधले खण टीव्ही अंदाजाने भरतो. त्यामुळे चेहरे मऊ, पुसट दिसतात आणि क्रिकेटचा चेंडू धुरकट होतो. त्यात जुनं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं असेल, तर नायिका अचानक जाडही दिसायला लागते.

जुना टीव्ही क्लिअर का वाटायचा?

याचं उत्तर डोळ्यात आहे. निरोगी डोळ्याला ठरावीक कोनापेक्षा बारीक गोष्ट वेगळी दिसत नाही. हा कोन साधारण एका अंशाचा साठावा भाग धरतात.

त्या हिशोबाने ३२ इंची टीव्हीवर एसडी चित्राचे ठिपके पावणेआठ फुटांवरून दिसेनासे होतात. वसई-विरारच्या नेहमीच्या हॉलमध्ये सोफा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो, म्हणून चित्र स्वच्छ वाटायचं. तेच चित्र ५५ इंचावर आणलं तर ठिपके लपण्यासाठी तेरा-साडेतेरा फूट मागे जावं लागतं. वन बीएचकेमध्ये तेरा फूट मागे गेलं तर माणूस स्वयंपाकघरात पोचतो.

आणि हेच गणित उलट्या बाजूने फोरकेलाही लागू होतं. ५५ इंची टीव्हीवर सव्वासात फुटांच्या पुढे बसलात तर फुल एचडी आणि फोरके यातला ठिपक्यांचा फरक डोळ्याला जवळपास कळत नाही. ४३ इंचाला ही मर्यादा साडेपाच फुटांची आहे. म्हणून ४३ इंचात "फोरके आहे" एवढ्यासाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. ते पैसे चांगल्या पॅनेलवर आणि आवाजावर गेलेले बरे.

मग कोणत्या खोलीला किती इंच?

सोपा नियम असा आहे: टीव्हीचे इंच गुणिले १.६. जे उत्तर येईल तेवढे इंच अंतर डोळे आणि पडदा यांच्यात असावं.

- ४३ इंच: साधारण पावणेसहा फूट
- ५० इंच: साधारण पावणेसात फूट
- ५५ इंच: साधारण सव्वासात ते साडेसात फूट
- ६५ इंच: साधारण साडेआठ ते पावणेनऊ फूट

अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका. दहा फुटांच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसलेल्या माणसाचं डोकं मागच्या भिंतीपासून दीड फूट पुढे असतं आणि टीव्ही समोरच्या भिंतीपासून थोडा पुढे येतो. हातात उरतात आठ फूट. तिथे ५५ इंच चपखल बसतो, ६५ इंच जरा अंगावर येतो.

भिंतही मोजा. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो, ६५ इंची १४४ सेंटिमीटर. खोका याहूनही मोठा. जुन्या चार मजली इमारतींत लिफ्ट नसते आणि जिन्याचं वळण अरुंद असतं. मोठा खोका वळणावर तिरका किंवा आडवा झाला तर पॅनेलवर ताण येतो. त्यामुळे आधी जिना मोजा, मग इंच ठरवा.

घरातले लोक टीव्हीच्या अगदी समोर बसतात की बाजूला दिवाणावर आणि खाली चटईवरही? बाजूला बसणारे जास्त असतील तर आयपीएस पॅनेल चांगलं, कारण त्यात तिरक्या कोनातून रंग फारसे उडत नाहीत. रात्री दिवा बंद करून समोरून सिनेमे बघायचे असतील तर व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग जास्त गडद दिसतो. दुकानात हा प्रश्न विचारा आणि टीव्ही एका बाजूला उभं राहूनही बघा.

साखळीतली प्रत्येक कडी एचडी हवी

एचडी चित्र दिसायला चार गोष्टी जुळाव्या लागतात: वाहिनी, पॅक, बॉक्स आणि वायर. यातली एक जरी एसडी राहिली तरी पडद्यावर एसडीच येणार.

वाहिनीचं बघायचं तर स्टार प्रवाह, झी मराठी आणि कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ मध्ये आल्या. पण त्यांचे क्रमांक वेगळे असतात. सवयीने जुनाच क्रमांक दाबला तर एसडी वाहिनीच लागते.

पॅकमध्ये एचडी वाहिनी वेगळी घ्यावी लागते. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नियमांनुसार ग्राहक हवी ती वाहिनी सुटी निवडू शकतो आणि प्रत्येक वाहिनीची कमाल किंमत जाहीर असते. वाहिन्यांची संख्या मोजताना एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांएवढी धरली जाते. नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा ट्रायने २०२४ मध्ये काढली, त्यामुळे आता ते कंपनीनुसार वेगळं असू शकतं. म्हणून शंभर एचडी वाहिन्यांचा भारी पॅक घेण्यापेक्षा घरात खरोखर बघितल्या जाणाऱ्या सात-आठ वाहिन्यांची यादी करा आणि तेवढ्याच एचडी घ्या. दर महिन्याचा खर्च आटोक्यात राहतो.

बॉक्स एचडी असला पाहिजे आणि तो टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडला पाहिजे. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या वायरमधून एचडी चित्र जात नाही. नवीन टीव्ही बसवायला आलेला माणूस कधीकधी जुनीच तीन पिनांची वायर लावून जातो. मग एचडीचे पैसे दर महिन्याला जात राहतात आणि चित्र तसंच राहतं.

केबल, डिश की फ्री डिश?

टीव्हीचे बहुतेक उपग्रह वसईतून पाहिलं तर आग्नेय दिशेला आहेत. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. वसईतून तो बरोबर आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर येतो. इतक्या उंचीमुळे पूर्वेचा तुंगारेश्वरचा डोंगर आड येत नाही, पण खिडकीला चिकटून उभी असलेली शेजारची इमारत नक्की येते. फ्लॅट फक्त पश्चिमेला उघडत असेल तर डिश गच्चीवरच लावावी लागेल. सोसायटीची परवानगी टीव्ही घेण्याआधी विचारा. ती मिळत नसेल तर केबल किंवा फायबर बरं.

फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. २००४ पासून सुरू असलेल्या या सेवेत सह्याद्री वाहिनी दिसते, पण बहुतांश वाहिन्या एसडी आहेत. छोट्या टीव्हीला ती उत्तम आहे. भारतीय मानक ब्युरोने आयएस १८११२ हे मानक आणलंय, त्यानुसार बनलेल्या टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. अशा टीव्हीला डिशची वायर थेट जोडली की मोफत वाहिन्या दिसतात. पैसे भरून बघायच्या वाहिन्यांना मात्र बॉक्स लागतोच.

पाऊस, खारा वारा आणि वीज

मुसळधार पावसात डिशचा सिग्नल जातो, कारण या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. अ‍ॅनालॉगमध्ये मुंग्या यायच्या. डिजिटलमध्ये चित्र चौकोनांत अडकतं आणि मग एकदम बंद पडतं. पाऊस ओसरला की ते परत येतं. पण साध्या सरीतही चित्र जात असेल तर डिशची दिशा हललेली असते.

अर्नाळा, राजोडी, भुईगाव, रानगाव या किनारपट्टीवर खाऱ्या हवेने डिशचे नट आणि वायरीची टोकं गंजतात. जोडावर पाणी न शिरणारी टेप लावून घ्या आणि पावसाळ्याआधी एकदा तपासा. पश्चिमेच्या भिंतीला ओल येत असेल तर टीव्ही त्या भिंतीवर लावू नका.

जुलै २०१८ चा पाऊस इथे कोणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी होतं, लोकल बंद होत्या आणि अनेक भागांत वीजही नव्हती. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी टीव्ही भिंतीवर लावताना बॉक्स, राउटर आणि एक्स्टेंशन बोर्डही जमिनीपासून वर घ्यावेत. टीव्ही वाचतो, पण खालचा बोर्ड पाण्यात जातो. सर्ज प्रोटेक्टर लावा, पण घराचं अर्थिंग ठीक नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. इलेक्ट्रिशियनकडून आधी तेच तपासून घ्या. विजा कडाडत असतील तर प्लगबरोबर डिशची वायरही काढा.

पैसे देण्याआधी

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. ४० हजार मूळ किंमत असेल तर आधी ५१,२०० लागायचे, आता ४७,२००. वाचलेल्या चार हजारांतून एचडी बॉक्स, एचडीएमआय वायर आणि सर्ज प्रोटेक्टर यांचा बराचसा खर्च निघतो.

दुकानात डेमोचा व्हिडिओ बघून निर्णय घेऊ नका. तो सगळ्याच टीव्हींवर सुंदर दिसतो. "रोजची मराठी वाहिनी एसडीत लावून दाखवा" असं सांगा. कमकुवत टीव्ही तिथेच उघडा पडतो. पॅनेलची वॉरंटी किती, सर्व्हिसचा माणूस वसई-विरारमध्ये येतो की मुंबईहून, हे बिलावर किंवा लेखी घ्या. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

आणि टीव्ही घरी आला की पहिल्या दिवशीच एचडी वाहिनी लावून, टीव्हीच्या माहितीच्या बटणावर १०८० हा आकडा येतोय का ते बघा. ७२० किंवा ५७६ दिसलं तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन तो बदला. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते राहिलं तर पुढची दहा वर्षं मोठ्या टीव्हीवर छोटंच चित्र बघत बसावं लागेल.